एका पिंपाचा हिशेब: तेल, वायू, कोळसा आणि खनिजे विकणाऱ्या देशांच्या अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय अर्थमंत्री,

हे पत्र मी मुद्दाम तुम्हाला लिहिते आहे, तुमच्या पर्यावरणमंत्र्यांना नाही. हवामान परिषदेला ते जातात, आश्वासने तेच देतात. पण तेलाच्या पैशाचे काय करायचे, देशात पेट्रोल कितीला विकायचे, नव्या विहिरीला परवाना द्यायचा की नाही, हे शेवटी तुमच्या टेबलावरच्या फायलींत ठरते. आर्थिक वाढ आणि कार्बन उत्सर्जन यांची गाठ तिथेच बसते, आणि सुटली तर तिथेच सुटेल.

मी अर्थशास्त्र शिकवते. दरवर्षी हा विषय निघाला की मी तेलाच्या एका पिंपापासून सुरुवात करते. पिंप म्हणजे १५९ लिटर, वजन साधारण १३५ किलो. ते जळून संपले की सुमारे ४३० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जाळल्यावर वजन तिप्पट कसे होते, हे मुलांना चटकन पटत नाही. तेलातला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो म्हणून, असे सांगावे लागते. मग मी फळ्यावर दोन रकाने आखते, एक पैशाचा आणि एक धुराचा. पिंपाची किंमत विकणाऱ्या देशाच्या जीडीपीत जाते. धूर मात्र ज्या देशात पिंप जळले त्या देशाच्या नावावर पडतो, कारण संयुक्त राष्ट्रांच्या हवामान कराराखाली उत्सर्जन जिथे घडते तिथेच मोजतात. आणि ते पिंप वाहून नेणाऱ्या जहाजाने भर समुद्रात जाळलेले इंधन कुणाच्याच बेरजेत येत नाही. आंतरराष्ट्रीय जहाजे आणि विमाने यांचा धूर वेगळ्या ओळीत, नुसता नोंदीपुरता लिहिला जातो.

एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "म्हणजे मॅडम, जितकं जास्त विकाल तितके तुम्ही स्वच्छ दिसाल?"

या प्रश्नाचे खरे उत्तर "हो" असे आहे, आणि त्यासाठीच हे पत्र.

दक्षिण अमेरिकेतल्या गयाना या छोट्या देशाचे उदाहरण घ्या. २०१५ मध्ये तिथे समुद्राखाली तेल सापडले, डिसेंबर २०१९ मध्ये उपसा सुरू झाला आणि २०२२ या एका वर्षात अर्थव्यवस्था ६० टक्क्यांहून अधिक वाढली. हा आकडा महागाई वजा करून काढलेला आहे. भाववाढीने फुगलेला नाही, खरोखरच तेवढी पिंपे निघाली. ती बहुतेक सगळी जहाजात चढून परदेशी गेली. त्यामुळे दर डॉलर उत्पन्नामागे किती उत्सर्जन, हा जो निकष तुम्ही सगळे अहवालांत अभिमानाने छापता, तो गयानासाठी एकदम सुधारला. देशात कुणी काही सुधारणा केली म्हणून नव्हे, तर भागाकारातला खालचा आकडा मोठा झाला म्हणून. गयानाला मी दोष देत नाही. देशाचा बहुतेक भाग त्यांनी जंगलाखाली राखला आहे आणि गरिबीतून बाहेर पडायचा त्यांना पुरेपूर हक्क आहे. पण या निकषाला "वाढ आणि उत्सर्जन यांची फारकत" म्हणायचे असेल, तर ती फारकत कागदावरची आहे. दोघांचा संसार दुसऱ्याच्या घरात सुरूच आहे.

याची उलटी बाजूही आहे. व्हेनेझुएलाची अर्थव्यवस्था २०१३ नंतरच्या आठ वर्षांत सुमारे तीन चतुर्थांशाने आकसली. उत्सर्जनही झपाट्याने घसरले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९० च्या दशकात रशियाचे उत्सर्जन एक तृतीयांशाहून अधिक कमी झाले. १९९० हे आधारवर्ष धरून नंतर तीच घट हवामान-कर्तव्य म्हणून दाखवता आली. कारखाने बंद पडले, लोक देश सोडून गेले, दवाखान्यांत औषधे उरली नाहीत, तेव्हा धूर कमी झाला. त्याला यश म्हणणे अमानुष आहे. म्हणून "उत्सर्जन कमी करायचे तर वाढ थांबवावी लागेल" असे तुमचे सल्लागार सांगतात तेव्हाही मला ते पटत नाही. कोसळणे म्हणजे काय, हे या देशांनी पाहिले आहे. मी तुमच्याकडे मागते आहे ते तसले काही नाही.

तेल विकणाऱ्या देशात वाढीला धुराशी बांधणारे धागे बरेचसे माणसांनी वळलेले आहेत. त्यातला एक रात्री आकाशात दिसतो. तेलाबरोबर जमिनीतून वायू येतोच. तो गोळा करायला पाइपलाइन लागते, कॉम्प्रेसर लागतो, गिऱ्हाईक लागते. ते उभारण्यापेक्षा तोंडाशीच पेटवून देणे स्वस्त पडते. २०२३ मध्ये जगभरात असा सुमारे १४८ अब्ज घनमीटर वायू जळला. नायजेरियाने १९७९ मध्ये कायदा केला होता की १ जानेवारी १९८४ नंतर परवानगीशिवाय वायू जाळायचा नाही. ती तारीख येऊन चाळीस वर्षे उलटली. मुदती पुढे ढकलल्या गेल्या, दंड इतके किरकोळ ठेवले गेले की कंपन्यांना दंड भरणेच परवडले. वायू सर्वाधिक जाळणाऱ्या देशांच्या यादीत नायजेरिया अजूनही वर आहे.

त्या देशाच्या डेल्टा राज्यात उरहोबो लोकांच्या वस्त्यांजवळ असल्या ज्वाळा वर्षानुवर्षे जळत आल्या आहेत. तिथल्या बायका कसावा हा कंद किसून, पिळून, त्याची ताटे त्या ज्वाळेच्या अवतीभवती तापलेल्या जमिनीवर मांडतात आणि त्या आचेवर वाळवतात. उन्हात जे वाळायला दिवस लागतात ते तिथे काही तासांत होते, आणि लाकूडफाटाही विकत घ्यावा लागत नाही. अंगाची लाही लाही होते, धुराने डोळे चुरचुरतात, तरी आच फुकट आहे म्हणून त्या जातात. याच देशात आठ कोटींहून अधिक लोकांकडे वीज नाही, जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. म्हणजे वायू आहे, तो जळतो आहे, त्याचा धूर नायजेरियाच्याच नावावर चढतो आहे, आणि त्यातून एक दिवाही लागत नाही. इथे वाढ आणि उत्सर्जन यांत तडजोड करायचा प्रश्नच येत नाही. हे उत्सर्जन वाढीशिवायचे आहे.

ज्वाळा निदान दिसते. ती नीट पेटली नाही किंवा पाइप गळला की मिथेन तसाच निसटतो, आणि २० वर्षांच्या हिशेबात तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक तापवतो. २०२१ मध्ये ग्लासगो परिषदेत अनेक देशांनी २०३० पर्यंत मिथेन ३० टक्क्यांनी कमी करण्याचा संकल्प सोडला. गळती थांबवण्याचा बराचसा खर्च वाचलेल्या वायूच्या विक्रीतूनच भरून निघतो, हे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था वर्षानुवर्षे सांगते आहे. मग अडते कुठे? ज्या कंपनीचा पैसा लागणार तिचा फायदा कमी आणि ज्या देशाचा फायदा होणार त्याचा कायदा पोकळ. ही गाठ सोडवायला तुमचीच सही लागते. दंड वायूच्या बाजारभावापेक्षा जास्त ठेवा आणि वसूल करा, की पाइपलाइन आपोआप परवडू लागेल.

आता ज्या विषयावर बोलायला कुणालाच आवडत नाही त्याकडे येते: देशातले स्वस्त इंधन.

तुमच्या देशांत हे अनुदान बहुधा अर्थसंकल्पात दिसतही नाही. आयात करणारा देश पेट्रोल स्वस्त देतो तेव्हा तिजोरीतून पैसे जातात आणि विरोधी पक्ष त्यावर बोट ठेवतो. तुम्ही मात्र परदेशी चांगल्या भावाने गेले असते ते पिंप घरच्यांना पडत्या भावाने देता. पैसे गेले असे कुठेच लिहिले जात नाही, कारण ते आलेच नाहीत. सौदी अरेबियात उन्हाळ्यात वातानुकूलनाची मागणी चढली की वीजकेंद्रांत थेट कच्चे तेल जाळले जाते. ज्या पिंपाने परकीय चलन आणले असते ते खोली गार करण्यात जाते. या स्वस्ताईचा लाभ कुणाला? ज्याच्याकडे दोन गाड्या आणि सहा खोल्यांत एसी, त्याला सर्वात जास्त. ज्याच्याकडे गाडीच नाही त्याला बसभाड्यापुरता. शिवाय अशा देशात घरे जाड भिंतींची बांधायला, इंधन वाचवणारे यंत्र घ्यायला, रेल्वे मागायला कुणाला कारणच उरत नाही. उत्पन्न वाढले की खप वाढतो, खप वाढला की धूर. वाढ आणि उत्सर्जन यांची गाठ इथे सर्वात घट्ट बसते, आणि ती निसर्गाने बांधलेली नाही.

तुमची अडचण मला कळते. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये इक्वेडोरने इंधनाचे अनुदान एका फटक्यात काढले आणि देश पेटला, निर्णय मागे घ्यावा लागला. जानेवारी २०२२ मध्ये कझाकस्तानात गाड्यांच्या एलपीजीचा भाव दुप्पट झाला, झानाओझेन या तेलाच्याच शहरात लोक रस्त्यावर आले, आंदोलन देशभर पसरले आणि दोनशेहून अधिक माणसे मेली. नायजेरियाने मे २०२३ मध्ये, नवे राष्ट्राध्यक्ष शपथ घेत होते त्याच दिवशी, पेट्रोलचे अनुदान संपल्याचे जाहीर केले. भाव अडीच-तीन पट झाले आणि गरिबांच्या हातात काहीच पडलेले नव्हते. तेलाच्या देशातला माणूस स्वस्त पेट्रोलला सरकारची मेहेरबानी समजत नाही. जमिनीतल्या संपत्तीतला आपला वाटा म्हणून त्याच्या पदरात पडलेली ती एकच वस्तू असते. ती काढून घ्यायची तर तो वाटा दुसऱ्या रूपात आधी द्यायला हवा, नुसते आश्वासन चालणार नाही.

इराणने डिसेंबर २०१० मध्ये नेमके हेच केले होते. आधी बँक खाती उघडली, त्यांत पैसे जमा केले आणि मगच भाव वाढवले. माणशी महिना ४,५५,००० रियाल. इतके मोठे पाऊल आणि रस्ते बऱ्यापैकी शांत राहिले. पण ती रक्कम तिथेच गोठली, महागाईने ती खाऊन टाकली आणि काही वर्षांत इंधन पुन्हा तुलनेने स्वस्त झाले. यातले अर्धे यश आणि अर्धे अपयश, दोन्ही तुमच्या खात्याने बारकाईने अभ्यासावे असे मला कळकळीने वाटते. पैसे आधी, भाव नंतर, आणि दोन्ही महागाईबरोबर वाढणारे. याच्याइतका उपयोगी धडा मला कुठल्याही हवामान अहवालात मिळालेला नाही.

या टप्प्यावर कुणीतरी नॉर्वेचे नाव घेतेच, तेव्हा मीच घेते. नॉर्वेने १९९१ मध्ये कार्बन कर लावला, तोही समुद्रातल्या तेलविहिरींना धरून. त्या कराच्या धाकाने १९९६ पासून स्लाइपनर या समुद्रातल्या वायूक्षेत्रातला कार्बन डायऑक्साइड समुद्रतळाखाली गाडला जाऊ लागला, वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास. तेलाचा पैसा भविष्यनिधीत गेला आणि सरकारने वर्षाला त्यातला थोडाच भाग खर्चायचा नियम २००१ मध्ये स्वतःला घालून घेतला. तेल विकणारा देश असूनही तिथे पेट्रोल महाग आहे, आणि २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेवरच्या होत्या. हे सगळे खरे आणि शिकण्यासारखे. तरीही नॉर्वेचे देशांतर्गत उत्सर्जन १९९० च्या तुलनेत दहा-बारा टक्केच कमी झाले आहे, कारण तेल-वायू काढण्याचाच धूर मोठा. आणि त्याने विकलेले तेल-वायू जिथे जळतात तिथला धूर देशातल्या धुराच्या जवळपास दहापट आहे. विहिरींवरच्या गॅस टर्बाइन बंद करून किनाऱ्यावरून जलविद्युत नेली की नॉर्वेचा आकडा सुधारतो. वाचलेला वायू निर्यात होतो आणि दुसरीकडे जळतो. इतका शहाणा, श्रीमंत आणि प्रामाणिक देश जर दोन रकान्यांच्या वहीत अडकतो, तर दोष वहीचा आहे.

तेलाचे दिवस सरत आले, पुढे बॅटरीची खनिजे, मग हा प्रश्न मिटेल असे समजू नका. इंडोनेशियाने २०२० पासून कच्चे निकेल बाहेर पाठवायला बंदी घातली. माती विकायची नाही, धातू करून विकायचा. विकसनशील देशाने असेच करावे, असे मी वर्गात शिकवते आणि त्यावर ठाम आहे. जगातले निम्म्याहून अधिक निकेल आज तिथून येते, मोरोवाली आणि वेडा बे इथे प्रचंड भट्ट्या उभ्या राहिल्या. पण त्या भट्ट्यांची वीज त्यांच्याच आवारातल्या कोळशाच्या केंद्रांतून येते. २०२२ च्या अध्यक्षीय आदेशाने नव्या कोळसा केंद्रांवर बंदी आली, तीतून नेमकी अशी कारखान्यांची स्वतःची केंद्रे वगळली गेली. म्हणजे दूरदेशी गाडी धूर न सोडता धावते आणि तिचा धूर इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या किनाऱ्यावर आधीच सोडून झालेला असतो. इथे पिंपाच्या बरोबर उलटे घडते. माल बाहेर जातो, धूर घरी राहतो. तांब्याच्या देशांनाही हे चुकलेले नाही: धातुकातले तांब्याचे प्रमाण घसरत चालले आहे, म्हणजे एका टनासाठी अधिक दगड फोडायचा, दळायचा, आणि त्याला अधिक ऊर्जा. चिलीने कोळशाची वीजकेंद्रे २०४० पर्यंत बंद करायचे ठरवले आणि अटाकामा वाळवंटाच्या उन्हावर वीज करायला घेतली. खाण तीच, तांबे तेच, टनामागचा धूर वेगळा. युरोपीय संघाने जानेवारी २०२६ पासून पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते अशा आयात मालावर सीमेवरच कार्बनची किंमत लावली आहे, तेव्हा हा फरक आता तुमच्या महसुलातही दिसणार.

तुम्हालाच सगळे सुनावून थांबले तर ते अन्यायाचे होईल. अंगोलासारख्या देशाने पिंपांच्या तारणावर कर्जे घेतली. भाव पडला की तेवढाच हप्ता फेडायला जास्त पिंपे लागतात, म्हणजे जग तेल कमी करा म्हणते आणि कर्जदाता जास्त उपसा म्हणतो. २००७ मध्ये इक्वेडोरने जगाला सांगितले होते की यासुनीच्या जंगलाखालचे तेल आम्ही काढत नाही, त्याच्या अंदाजे निम्म्या किमतीएवढे, ३.६ अब्ज डॉलर, तुम्ही द्या. २०१३ पर्यंत हातात पडले सुमारे १.३ कोटी डॉलर. योजना गुंडाळली गेली आणि विहिरी खणल्या गेल्या. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये तिथल्याच मतदारांनी, सुमारे ५९ टक्क्यांनी, ते तेल जमिनीतच ठेवा असा कौल दिला. श्रीमंत देशांनी जे केले नाही ते गरीब देशाच्या मतदारांनी केले. आयात करणाऱ्यांच्या अर्थमंत्र्यांनाही हे पत्र लागू आहे, एवढे इथे नोंदवून ठेवते.

आणि "दुसरीकडे जळालेल्या तेलाशी आमचा काय संबंध" ही ढाल आता फार दिवस टिकणार नाही. २०१५ च्या पॅरिस करारात तेल, कोळसा, जीवाश्म इंधन हे शब्दच नाहीत. जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याची भाषा परिषदेच्या ठरावात यायला २०२३ चे दुबई उजाडावे लागले. पण जून २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की तेलविहिरीला परवानगी देताना ते तेल पुढे जळून होणारे उत्सर्जनही विचारात घ्यावे लागेल. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या मतात त्याहून पुढे जाऊन सांगितले: हवामानाचे रक्षण करण्यात देश कमी पडला, आणि त्यात इंधनाचे उत्पादन, शोधाचे परवाने, अनुदाने हेही आले, तर ते आंतरराष्ट्रीय कायद्याचे उल्लंघन ठरू शकते. हे मत मागण्यात पुढाकार होता वानुआटू या बेटांच्या देशाचा.

माझी मागणी एका पानाची आहे. येत्या अर्थसंकल्पात ते पान जोडा. त्यावर देशात जळलेल्या इंधनाचा धूर लिहा, उपसताना जाळलेल्या आणि गळालेल्या वायूचा वेगळा लिहा, आणि विकलेल्या मालाचा, तो जिथे जळणार आहे तिथला, तोही लिहा. तो तुमच्या नावावर चढवा असे मी म्हणत नाही, फक्त लिहा. शेजारी वाढीचा दर दोनदा छापा: एकदा नेहमीसारखा आणि एकदा तेल-खाण वगळून. देशात ज्या भावाने इंधन विकले आणि ज्या भावाने ते बाहेर गेले असते, त्यातला फरक रकमेत दाखवा, आणि ती रक्कम माणशी वाटली असती तर किती झाली असती तेही. सर्वात गरीब घरात हा शेवटचा आकडा ऐकू जाऊ द्या. अनुदान काढायचे की नाही यावर मग लोकांशी बोलणी करता येतील, कारण दोन्ही बाजूंना हिशेब माहीत असेल.

यातली जवळपास सगळी माहिती तुमच्या खात्यात आजही आहे. निर्यातीचे आकडे सीमाशुल्क विभागाकडे आहेत, ज्वाळा उपग्रहांना दिसतात, पिंपामागचे ४३० किलो शाळेतल्या मुलीला गुणता येतात.

आमच्या वर्गातल्या फळ्यावर आता तीन रकाने असतात. तिसऱ्यात विकलेल्या मालाचा धूर येतो. तुमच्यापैकी बहुतेकांच्या देशाच्या ओळीत ती जागा अजून रिकामी आहे. पान छापलेत की कळवा, मुले तो आकडा त्याच दिवशी भरतील.

आपली नम्र,
अर्थशास्त्राची एक शिक्षिका